प्रागचे हिरवे कांगारू

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. वर्गात शिकवताना मीसुद्धा पुष्कळदा तेच करतो. पण एखाद्या देशाच्या लोकांनी शंभर वर्षांत काय काय सोसले, हे कधी कधी अगदी आडबाजूच्या गोष्टीतून जास्त स्पष्ट कळते. आज मी तुम्हाला अशीच एका फुटबॉल क्लबची हकिकत सांगणार आहे.

हा क्लब प्राग शहरातला. प्राग म्हणजे मध्य युरोपातल्या चेक देशाची राजधानी. क्लबचे नाव बोहेमियन्स, रंग हिरवा आणि पांढरा, आणि चिन्ह कांगारूचे! तुम्ही म्हणाल, कांगारू हा तर ऑस्ट्रेलियातला प्राणी. तो प्रागमध्ये कसा काय पोचला? त्याचे उत्तर पुढे येईलच. पण त्याहून अवघड असा एक प्रश्न मी आधीच तुमच्यापुढे ठेवतो. ज्या क्लबचे नाव अनेकदा बदलले, ज्याच्या डोक्यावरची राज्ये बदलली, ज्याचे एकदा दिवाळे निघाले आणि ज्याच्या नावावर दुसऱ्याच क्लबाने हक्क सांगितला, तो क्लब आजही 'तोच' आहे असे म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी युरोपचा नकाशा जवळ असेल तर उघडावा. पश्चिमेला जर्मनी, उत्तरेला पोलंड, दक्षिणेला ऑस्ट्रिया, पूर्वेला स्लोव्हाकिया, आणि मधोमध चेक देश. समुद्र कुठेच नाही. या प्रदेशाच्या पश्चिम भागाला लॅटिन भाषेत 'बोहेमिया' म्हणत. फार पूर्वी तिथे राहणाऱ्या बोई नावाच्या केल्टिक टोळीवरून ते नाव पडले. १९०५ साली हा सारा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. त्या साली प्रागच्या वेशीबाहेरच्या व्हर्शोवित्से नावाच्या गावी काही तरुणांनी फुटबॉल क्लब काढला. गावाचेच नाव क्लबला दिले. पुढे १९१८ साली साम्राज्य मोडले, चेकोस्लोव्हाकिया हा स्वतंत्र देश जन्माला आला, आणि १९२२ साली व्हर्शोवित्से गाव प्राग शहरात सामील झाले. १९२५ साली पैसे घेऊन खेळणाऱ्या खेळाडूंची, म्हणजे व्यावसायिक संघांची लीग तिथे सुरू झाली. तीत हा क्लब पहिल्याच वर्षी होता. तरी प्रागमध्ये बोलबाला होता तो स्लाव्हिया आणि स्पार्टा या दोन बड्या क्लबांचा. त्यांच्यापुढे आपला व्हर्शोवित्सेचा क्लब म्हणजे धाकटे भावंड!

आणि या धाकट्या भावंडालाच १९२७ साली ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्याचे बोलावणे आले. त्या काळी विमानाने जाण्याची सोय नव्हती. बोटीचा प्रवास, आठवडेच्या आठवडे पाण्यावर. ज्यांच्या देशाला समुद्रकिनारा नाही, अशी ही पोरे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला फुटबॉल खेळायला निघाली. अडचण एकच होती. 'व्हर्शोवित्से' हा शब्द इंग्रजी जिभेला वळेना. मूळ चेक लिपीत या नावाच्या आरंभी व्ही, आर आणि श ही तीन व्यंजने लागोपाठ येतात, मध्ये एकही स्वर नाही. म्हणून दौऱ्यापुरते सोपे नाव घेतले: बोहेमियन्स, म्हणजे बोहेमियाचे लोक. ऑस्ट्रेलियात त्यांचे चांगले स्वागत झाले आणि निघताना यजमानांनी दोन जिवंत कांगारू भेट दिले. परत आल्यावर क्लबने ते परके नाव कायमचे स्वीकारले आणि कांगारू चिन्ह म्हणून छातीवर घेतला. तेव्हापासून या संघाला लोक 'क्लोकानी', म्हणजे चेक भाषेत 'कांगारू', असेच म्हणतात. पहा मौज! परक्यांना उच्चारता यावे म्हणून घेतलेले नाव हीच घरची खूण होऊन बसली.

१९३२ साली क्लबला स्वतःचे मैदान मिळाले. त्याला लोक 'द्योलीचेक' म्हणतात. या शब्दाचा अर्थ लहानसा खळगा, किंवा गालावर पडते ती खळी. मैदान लहान, आजही काही हजार माणसांचेच. पण भोवती दाट वस्ती, चाळींसारखी उंच जुनी घरे, आणि प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ की मैदानावरचा शब्दन् शब्द कानी पडावा. या मैदानाचे नाव ध्यानात असू द्या. आपल्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

मग वाईट दिवस आले. मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या सैन्याने प्राग व्यापले. सहा वर्षे परक्या अमलात गेली. युद्ध संपून तीन वर्षे होतात न होतात तोच, फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सत्ता हाती घेतली. नव्या राज्यात क्लब म्हणजे चार हौशी माणसांची खाजगी संस्था राहिली नाही. प्रत्येक क्लब कुठल्या तरी कारखान्याशी, खात्याशी किंवा कामगार संघटनेशी जोडला गेला. जुनी नावे पुसली गेली. स्लाव्हियासारख्या नामांकित क्लबाला काही वर्षे 'डायनॅमो' म्हणवून घ्यावे लागले, तिथे आपल्या कांगारूंची काय कथा! ते कधी 'सोकोल' झाले, कधी 'रेल्वेवाले' झाले, तर १९५० नंतरच्या दशकात चक्क 'स्पार्टाक स्टालिनग्राड' झाले. पुढे ट्राम आणि इंजिने बांधणाऱ्या चे-का-दे या मोठ्या कारखान्याचे नाव त्यांना लागले. अखेर १९६५ साली बोहेमियन्स हे नाव परत आले, अर्थात कारखान्याच्या नावाला जोडूनच.

एवढ्या वर्षांत लोक काय करीत होते? कागदावर नाव काहीही असो, ते आपल्या त्याच खळग्यातल्या मैदानावर येऊन उभे राहत होते.

१९६७ साली या क्लबाच्या मोठ्या संघात एक तरुण खेळू लागला. आंतोनिन पानेन्का त्याचे नाव. फार वेगवान नाही, अंगापिंडाने दांडगाही नाही. पण चेंडू त्याचे ऐकत असे. सराव संपला की तो आणि संघाचा गोलरक्षक झ्देन्येक ह्रुश्का मागे थांबत आणि पेनल्टीची पैज लावत. पेनल्टी म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोलापासून अकरा मीटरवर चेंडू ठेवायचा, समोर फक्त गोलरक्षक, आणि एकाच फटक्यात निकाल. पैज असे एखाद्या चॉकलेटची किंवा बिअरच्या पेल्याची. ह्रुश्का चांगला गोलरक्षक, त्यामुळे पानेन्का पैजा हरू लागला, खिसा रिकामा होऊ लागला. तेव्हा त्याने विचार केला. गोलरक्षक चेंडू मारायच्या क्षणी एका बाजूला झेप घेतो. मग मध्ये कोण उरतो? कोणीच नाही. जोरात मारण्याचा आव आणायचा आणि चेंडू पायाच्या टोकाने अलगद उचलून मधोमध सोडायचा! चेंडू जोरात मारला तर खाली पडता पडता गोलरक्षकाचा पाय लागू शकतो; हळूच सोडला तर हवेतल्या गोलरक्षकाला परत फिरता येत नाही. ही युक्ती त्याने महिनोन्महिने घोटली, मैत्रीच्या सामन्यांत आणि लीगमध्ये वापरून पाहिली.

२० जून १९७६. युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेड. युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना. एका बाजूला पश्चिम जर्मनी: १९७२ चा युरोपविजेता, १९७४ चा जगज्जेता. दुसऱ्या बाजूला चेकोस्लोव्हाकिया. चेकोस्लोव्हाकांनी दोन गोलांची आघाडी घेतली, जर्मनांनी शेवटच्या मिनिटाला बरोबरी गाठली. जादा वेळेतही निकाल लागेना. तेव्हा युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना प्रथमच पेनल्ट्यांवर आला. जर्मनीच्या उली ह्योनेसचा फटका गोलावरून निघून गेला. आता पानेन्काने गोल केला की अजिंक्यपद मिळणार. समोर झेप माइअर, जगातला नावाजलेला गोलरक्षक. पानेन्का धावत आला, माइअरने बाजूला झेप टाकली, आणि चेंडू एखादे पान गळून पडावे तसा मधोमध जाळ्यात उतरला. पाच विरुद्ध तीन!

चुकला असता तर? साऱ्या देशासमोर हसे झाले असते. पण तो जुगार नव्हता. द्योलीचेकच्या मैदानावर, संध्याकाळी, दोन मित्रांच्या पैजेत पिकलेली ती विद्या होती. आज जगात कुठेही कोणी असा फटका मारला तर त्याला 'पानेन्का' म्हणतात. माणसाचे नाव फटक्याला मिळाले.

१९८१ साली पानेन्का व्हिएन्नाच्या रॅपिड क्लबाकडे गेला. त्या राजवटीत उमेदीतल्या खेळाडूला परदेशी जाऊ देत नसत. वय वाढल्यावर मात्र परवानगी मिळे. आणि दैवाचा खेळ असा की क्लबचे सर्वांत मोठे यश त्याच्या पाठीमागे आले. तोमाश पोस्पीखल या प्रशिक्षकाच्या हाताखाली १९८२-८३ च्या हंगामात बोहेमियन्सने देशाचे अजिंक्यपद जिंकले. शंभराहून अधिक वर्षांत ते एवढे एकच. त्याच हंगामात युरोपातल्या यूईएफए चषकात ते उपांत्य फेरीपर्यंत गेले. तिथे बेल्जियमच्या आंडरलेख्टने त्यांना हरवले आणि पुढे चषकही त्यानेच नेला. गोलात तेव्हाही उभा होता तोच ह्रुश्का, चॉकलेटच्या पैजेवाला.

नोव्हेंबर १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळली. १ जानेवारी १९९३ ला चेक आणि स्लोव्हाक हे दोन देश वेगळे झाले. स्वातंत्र्य आले, तसा कारखान्याचा आधारही सुटला. आता पैसा ज्याचा त्याने उभा करायचा. स्पार्टासारख्या बड्यांना ते साधले. बोहेमियन्स कधी पहिल्या विभागात तर कधी दुसऱ्यात, असे हेलकावे खात राहिले. कर्ज वाढत गेले, आणि २००५ साली, नेमक्या शंभराव्या वर्षी, दिवाळे निघाले. हंगाम पुरा होण्याआधीच संघाला दुसऱ्या विभागातून काढून टाकण्यात आले.

श्रोतेहो, इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण क्लबचे चाहते एकत्र जमले आणि त्यांनी एक 'द्रुझ्स्त्वो' स्थापन केले. या चेक शब्दाचा मराठी अर्थ अगदी सरळ आहे: सहकारी संस्था. ज्याला जेवढे जमेल तेवढे त्याने द्यायचे. अशी वर्गणी गोळा झाली आणि त्या पैशावर क्लब तिसऱ्या विभागातून, म्हणजे जवळजवळ ओनाम्यापासून, पुन्हा खेळू लागला. नावात सन जोडला: बोहेमियन्स १९०५. दोन वर्षांनी, २००७ साली, ते परत पहिल्या विभागात पोचले.

पण भोग सरले नव्हते. दिवाळ्याच्या गोंधळात बोहेमियन्स या नावाचा वापर प्रागच्याच दुसऱ्या भागातल्या, स्त्रशीझकोव्हच्या, एका क्लबने मिळवला होता. कांगारूचे चिन्हही त्याने लावले. खरे कोण, यावर कज्जेदलाली सुरू झाली. २००९-१० च्या हंगामात तर दोन्ही बोहेमियन्स पहिल्या विभागात एकदमच होते! एप्रिल २०१० मध्ये या दोघांचा सामना ठरला, तेव्हा स्त्रशीझकोव्हचा संघ मैदानावर आलाच नाही. त्याला दंड झाला, गुण कापले गेले, आणि हंगामाअखेर तो खालच्या विभागात गेला. कागदोपत्री हक्क कोणाचा, याचा काथ्याकूट वकिलांनी पुष्कळ केला. प्रेक्षकांनी मात्र आपला निकाल कधीच दिला होता. ते ज्या मैदानावर जात, तेच बोहेमियन्स.

आणि त्या मैदानावरही संकट आलेच. शहरातली मोक्याची जागा. तिथे इमारती उभ्या राहतील असे वारे वाहू लागले. काही काळ तर संघाला जवळच्या स्लाव्हियाच्या, म्हणजे कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर घरचे सामने खेळावे लागले. चाहत्यांनी पुन्हा आवाज उठवला. २०१६ साली प्रागच्या नगरपालिकेने द्योलीचेक विकत घेतले आणि मैदान वाचले. २०२३ साली हा क्लब कितीतरी वर्षांनी पुन्हा युरोपीय स्पर्धेत उतरला. नॉर्वेच्या संघाने त्याला लवकरच घरी पाठवले, ही गोष्ट वेगळी.

मी काही या लोकांना देवत्व देत नाही. पुढे क्लबमध्ये पैसेवाली माणसेही आली. नुसत्या वर्गणीवर व्यावसायिक संघ फार काळ चालत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. अजिंक्यपदेही एकाहून जास्त झाली नाहीत. विजयांचीच यादी करायची तर स्पार्टा नि स्लाव्हियाची हकिकत सांगायला हवी होती.

तरी मी हीच निवडली, ती सुरुवातीच्या प्रश्नासाठी. क्लब 'तोच' कशामुळे? नावामुळे म्हणाल तर ते अनेकदा बदलले. मालकामुळे म्हणाल तर कधी कारखाना, कधी सरकार, कधी भांडवलदार. या सगळ्यांतून एकच गोष्ट अखंड राहिली: व्हर्शोवित्सेचे लोक, जे रविवारी त्या लहानशा मैदानावर येऊन 'आमचा' असे म्हणत राहिले, आणि वेळ आली तेव्हा त्या एका शब्दासाठी ज्यांनी खिशात हात घातला.

शिक्षकांना एवढीच विनंती, की चेकोस्लोव्हाकियाचा इतिहास शिकवताना १९१८, १९३९, १९४८, १९८९ आणि १९९३ हे सन फळ्यावर लिहाल, तेव्हा शेजारी या क्लबची बदलती नावेही लिहून पहा. मुलांना ते सन चटकन पाठ होतील. आणि कांगारू प्रागमध्ये कसा आला, हे तर ती घरी जाऊन आईवडिलांनाही सांगतील.