बर्फातील टगबोटी : गोठलेल्या पाण्यातही इंजिन का तापते?

मोठ्या जहाजांना ओढून वा ढकलून धक्क्याला लावणारी लहान, पण शक्तिमान नौका म्हणजे टगबोट. बाल्टिक समुद्र, अमेरिकेतील महासरोवरे आणि हडसन नदी येथे हिवाळ्यात काही टगबोटींना बर्फ फोडून जलमार्ग खुला ठेवण्याचे कामही करावे लागते. हडसनमार्गे घरे उबदार ठेवण्यासाठी लागणारे तेल जाते. त्यामुळे तेथे टगबोटीचे इंजिन बंद पडण्याचा परिणाम किनाऱ्यावरील वस्तीपर्यंत पोहोचतो.

बर्फाळ पाण्यात एक मोठा धोका इंजिन तापण्याचा असतो. इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचे पाणी नौकेच्या तळाजवळील पेटीतून आत घेतले जाते. फुटलेल्या बर्फाचा चुरा या पेटीत साचून जाळी तुंबली, की पाणीपुरवठा थांबतो आणि इंजिन बंद करावे लागते. म्हणूनच फिनलंड-स्वीडनच्या हिमश्रेणी नियमांनुसार इंजिनातून बाहेर पडणारे कोमट पाणी पुन्हा या पेटीत सोडण्याची सोय आवश्यक असते. दर ७५० किलोवॉट शक्तीमागे पेटीचे आकारमान सुमारे एक घनमीटर असावे, असे मार्गदर्शनही त्यात आहे. पेटी पुरेशी उंच असल्यास बर्फ वर तरंगतो आणि खालून पाणी मिळत राहते.

दुसरा धोका पंख्याला बसणाऱ्या धक्क्यांचा. पात्यांत बर्फाचा तुकडा अडकताच इंजिनावरील भार एकाएकी वाढतो. पंखा थेट इंजिनाला जोडलेला असल्यास फेरे घटतात, टर्बोचार्जरकडून येणारी हवा कमी पडते आणि इंजिन बंदही पडू शकते. डिझेल-विद्युत रचनेत इंजिन केवळ वीज निर्माण करते, तर पंखा विद्युत मोटर फिरवते. कमी वेगातही मोटरचा जोर टिकतो. अमेरिकी तटरक्षक दलाच्या १४० फुटी ‘बे’ वर्गातील नऊ टगबोटींमध्ये हीच रचना आहे. १९७९पासून सेवेत येऊ लागलेल्या या २५०० अश्वशक्तीच्या बोटी सुमारे ५० सेंटीमीटर जाडीचा बर्फ न थांबता फोडतात.

तिसरा धोका इंधनाचा. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठून गाळण्या तुंबतात, तर टाकीत साचलेल्या पाण्याचा बर्फ होतो. त्यासाठी हिवाळी डिझेल वापरणे, टाकीतील पाणी नियमित काढणे आणि सुरू करण्यापूर्वी इंजिन व वंगणतेल गरम करणे, ही दक्षता घ्यावी लागते.