गावातले दोन डॉक्टर

गेल्या वर्षी जूनमध्ये राहुरी तालुक्यातून मामेबहिणीचा फोन आला. नीटचा निकाल लागला होता आणि तिचे मार्क पशुवैद्यकीयच्या प्रवेशाच्या अगदी काठावर होते. "दादा, परत एकदा नीट देऊ, की पशुसंवर्धनाचा डिप्लोमा करू?" मामांचं ठरलेलं होतं: डिप्लोमा. लवकर संपतो, कमाई लवकर सुरू होते आणि गोठ्यातल्या गायींपुरतं तेवढं शिक्षण बास. पदवी म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, वर हे गॅपचं एक.

घरात ‘शिकलेला’ मी. पुण्यात बसून कोड लिहितो, गायीच्या शिंगाला हात लावताना अजून बिचकतो. तिला म्हटलं, दोन दिवस दे.

लहानपणी सुट्टीत मामांकडे असताना एक संकरित गाय व्याल्यावर रात्री खाली बसली ती उठेचना. मान पोटाकडे वळलेली, कान गार. मामांनी ‘डॉक्टरां’ना बोलावलं. ते मोटरसायकलवर आले, कंदिलाच्या उजेडात शीर शोधली आणि कॅल्शियमची बाटली थेंब थेंब सोडत दुसरा हात गायीच्या छातीवर ठेवून बसले. थोड्या वेळाने गाय धडपडत उभी राहिली. ते पदवीधर नव्हते, पदविकावाले होते, हे मला या फोननंतर कळलं. गावाने हा फरक कधी केलाच नव्हता.

मग हा फरक केला कोणी? दोन दिवसांचे दोन आठवडे झाले ते या प्रश्नापायी.

इंग्रजांच्या आधीपासून घोड्यांवर उपचार करणाऱ्याला आपल्याकडे सालोत्री म्हणत. शालिहोत्र या अश्ववैद्यकाच्या जुन्या आचार्याच्या नावावरून आलेला शब्द. इंग्रज सरकारलाही आधी काळजी घोड्यांचीच होती, कारण घोडदळ. 1862 मध्ये पुण्यात लष्कराने पशुवैद्यकीय शाळा काढली ती त्यासाठीच. गायीबैलांची आठवण बुळकांडीने करून दिली. ही साथ गावंच्या गावं रिकामी करायची. हॅलन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने 1871 मध्ये तिच्यावर अहवाल दिला. बैल मेले तर नांगरट नाही, नांगरट नाही तर शेतसारा नाही, हा हिशेब सरकारला समजण्यासारखा होता. 1889 मध्ये जनावरांच्या रोगांवरची सरकारी प्रयोगशाळाही पुण्यातच सुरू झाली, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. म्हणजे आजच्या सीओईपीत! तिथे शिकलेल्या माझ्या मित्रांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. पुढे चारेक वर्षांत ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली.

त्याआधी, 1886 मध्ये, परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, दिनशा पेटिटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई रुग्णालयाच्या आवारात. इथे मी थबकलो. या कॉलेजातून जी.बी.व्ही.सी. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना सरकारी खात्यात पद कुठलं मिळायचं? व्हेटरनरी असिस्टंट. सहायक! वरचे साहेब विलायतेत शिकून आलेले. तालुक्याच्या दवाखान्यात एकट्याने सगळं निभावणारा माणूस कागदावर कोणाचा तरी मदतनीस होता, आणि तो ‘कोणी’ शेकडो मैल दूर.

स्वातंत्र्यानंतर तो वरच्या पायरीवर गेला. बी.व्ही.एस्सी.ला मान मिळाला आणि खालची रिकामी पायरी भरायला नवा माणूस आला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत केंद्रग्राम योजना निघाली, म्हणजे निवडक गावांच्या गटांत कृत्रिम रेतन, आणि त्यासाठी थोडक्यात शिकवून तयार केलेले स्टॉकमन. आपल्या भागात मोठा बदल आणखी पुढचा. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला बाएफ स्थापन केली. गाय माजावर आली की ती दवाखान्यात चालवत न्यायची नाही, प्रशिक्षित तरुणाने गोठ्यात येऊन भरवायची, ही त्यांची पद्धत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. उसाच्या या पट्ट्यात ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, दूध आठवड्याला. त्यामुळे संकरित गाय घरोघर आली. ती दूध भरपूर देते, पण नाजूक. कासदाह, व्याल्यावरचा दुग्धज्वर, पुन्हा पुन्हा उलटणं. तिला डॉक्टर हाकेच्या अंतरावर लागतो, आणि तेवढ्या अंतरावर असायचा तो पदविकावाला.

मग 1984 चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आला. मी त्याचं कलम 30 पीआर रिव्ह्यू करावा तसं शब्द न् शब्द वाचलं. पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरानेच करायचा. राज्य सरकारने परवानगी दिली तर पदविका किंवा प्रमाणपत्रवाल्याने ‘किरकोळ’ सेवा द्यायच्या: लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि राज्य ठरवेल तेवढे प्राथमिक उपचार. त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. कायदा मला चुकीचा वाटत नाही. अँटिबायोटिक कोणीही, कसंही टोचलं की ते आपल्या चहात येतं. पण राज्यातल्या श्रेणी-दोनच्या दवाखान्यांचा रोजचा गाडा पदविकावालेच ओढतात. त्यांच्यावर देखरेख ठेवणारा पदवीधर अधिकारी श्रेणी-एकच्या दवाखान्यात, दुसऱ्या गावी, स्वतःच्या रांगेत अडकलेला. रात्री गाय खाली बसते तेव्हा देखरेख कुठे असते?

हे सगळं मी बहिणीला उत्साहाने सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "2022 ला लम्पी आला तेव्हा आपल्या वस्तीवर लस द्यायला कोण आलं होतं, आठवतं? डिप्लोमावाले. पण कालवडीच्या अंगावर गाठी फुटून ती खाणं सोडून बसली तेव्हा त्यांनीच सांगितलं, आता मोठ्या डॉक्टरांना विचारावं लागेल. मोठ्या डॉक्टरांकडे तेव्हा सगळा तालुका. तिसऱ्या दिवशी आले."

कालवड दुसऱ्या दिवशीच गेली होती. मला हे माहीत नव्हतं, किंवा कोणीतरी फोनवर सांगितलं असेल आणि मी कॉलवर असेन.

मी म्हटलं, पदवी कर. मामांना वाटलं, शहरात जाऊन मला खालच्या कामाची लाज वाटायला लागली. तसं नव्हतं. कंदिलाच्या उजेडातले ते डॉक्टर मी पाहिलेत, हात त्यांचा कुठल्याही पदवीधरापेक्षा कमी नव्हता. पण ज्या क्षणी ‘आता वरच्याला विचारावं लागेल’ असं म्हणायची वेळ येते, त्या क्षणी गोठ्यात वरचाच उभा असावा, एवढंच माझं म्हणणं. शिवाय गॅपचा खर्च मी उचलतो म्हटलं. त्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

तिने एक अट घातली. पाच वर्षं शिकून शहरात कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक टाकलं तर टोमणे मारायचे नाहीत. गायींसाठीच परत येईन, असं वचन ती आत्ता देणार नाही. मी हो म्हटलं, मामांनी अजून म्हटलेलं नाही.

डिप्लोमाचा फॉर्म मामांनी आणून ठेवला होता, तो दिवाणखान्यातल्या फळीवर आहे. ती सकाळच्या धारा काढून साडेसातच्या एसटीने नगरला क्लासला जाते. कागदावर ते आता अहिल्यानगर आहे, तिकीट काढताना अजून नगरच.