हाताची विद्या आणि हायस्कूल

यवतमाळ हे कापसाचे गाव. १९०३ साली मूर्तिजापूरहून येथवर अरुंद रुळांची आगगाडी आली, ती मुख्यतः कापसासाठीच. पुढे 'शकुंतला' म्हणून ओळखल्या गेलेल्या या गाडीचे, मँचेस्टरला १९२१ साली घडविलेले वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावत होते. असे इंजिन चालते ठेवणारे फिटर आणि जिनिंग-प्रेसिंगची यंत्रे सांभाळणारे मिस्त्री यांचा हुन्नर पिढ्यान्‌पिढ्या उस्तादाच्या हाताखाली शिकला जाई. हायस्कुलाच्या फळ्यावर त्याला स्थान नव्हते. ते का नव्हते, आणि मिळाले ते कसे, हे पाहणे आपणा गावकऱ्यांस उद्‌बोधक होईल.

ही अडचण केवळ आपलीच नव्हती. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयाने एक नवी पद्धत मांडली. वस्तू विकण्यासाठी करावयाची नाही. एकेक हत्यार आणि एकेक क्रिया पायरीपायरीने आत्मसात करावयाची, हे तिचे सूत्र. तिचा उपयोग करून कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी १८८० मध्ये अमेरिकेत सेंट लुईस येथे शाळा चालू केली. तेथे मुलगा गणित, शास्त्र व भाषा शिके, आणि कानस व रंधाही हाती धरी. तांत्रिक हायस्कुलाची मूळ कल्पना ती हीच.

आपल्या देशात १८८२ च्या हंटर आयोगाने हायस्कुलाच्या वरच्या वर्गांस दोन फाटे सुचविले. एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारा, दुसरा व्यापार व इतर व्यावहारिक उद्योगांकडे. पहिल्यावर गर्दी झाली, दुसरा जवळजवळ ओसच राहिला. मॅट्रिक झालेल्यास कचेरीचे दार उघडे. दुसऱ्या वाटेच्या टोकाशी तसे दार नव्हते. आईबापांनी हिशेब केला तो रास्तच होता.

जेथे असे दार होते तेथे चित्र निराळे दिसते. मुंबईस १८८७ साली व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. (१९९७ पासून तिला वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे.) तिच्या आरंभीच्या विषयांत यंत्रविद्या व कापडनिर्मिती होती, म्हणजे गिरण्यांस हवे तेच. १८९० साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी बडोद्यास कलाभवन काढले. तेथे रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम हे विषय देशी भाषेतून शिकविले जात, म्हणून कारागिराच्या मुलालाही इंग्रजीचा उंबरठा आडवा आला नाही. दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. या दोन्ही संस्था हायस्कुले नव्हेत. पण हायस्कुलांस त्यांनी धडा घालून दिला.

शेजारच्या वर्ध्यास १९३७ साली गांधीजींनी सारे शिक्षण मूलोद्योगाभोवती गुंफण्याचा विचार मांडला. १९४४ च्या सार्जंट योजनेने हायस्कुलांचे ज्ञानप्रधान व तांत्रिक असे दोन प्रकार सांगितले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने त्याहून पुढची गोष्ट सांगितली: तांत्रिक शाळा उद्योगांच्या जवळ असाव्यात आणि मोठ्या शहरांत एका मध्यवर्ती संस्थेने अनेक शाळांची गरज भागवावी. महाराष्ट्रातील तांत्रिक विद्यालय केंद्रांची घडण याच विचाराशी जुळते. आसपासच्या शाळांतील मुले आठवड्याचे काही तास केंद्राच्या कार्यशाळेत येतात आणि उरलेले विषय आपापल्या शाळेत शिकतात. लेथ, भट्टी, आरेखनाची मेजे ही खर्चाची सामग्री. ती प्रत्येक शाळेने घेणे परवडत नाही.

परंतु आमच्या मते खरा लाभ याहून मोठा आहे. यंत्रविद्येचे विषय शालान्त परीक्षेतच बसल्यामुळे हंटरचे दोन फाटे पुन्हा एका प्रमाणपत्रात येऊन मिळाले. तांत्रिक विषय घेतलेल्या मुलाला पॉलिटेक्निकची वाट उघडी राहिली आणि तिच्यापुढे अभियांत्रिकीचीही.

तरीही हुशार मुलाने पुस्तक धरावे आणि मागे पडलेल्याने हातोडा, ही समजूत आपल्या घरांतून गेलेली नाही. कोणताही आयोग ती घालवू शकणार नाही. 'हे शिकून पुढे काय?' हा पालकांचा प्रश्न १८८२ मध्ये खरा होता, तसाच तो आजही खरा आहे. त्याचे उत्तर एकट्या शाळेने द्यावयाचे नाही. गावातील जिनवाल्यांनी, वर्कशॉपवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी अशा मुलास उमेदवारी दिली, योग्य वेतन दिले आणि मानाने वागविले, तरच या विद्येच्या टोकाशी दार उघडेल. शाळा उभारणे सरकारच्या हाती असेल. हे दार उघडणे आपल्या हाती आहे.