श्रमिक विद्यापीठ ते जन शिक्षण संस्थान : प्रौढांच्या निरंतर शिक्षणाची वाटचाल

मुंबईच्या वरळी भागात मार्च १९६७ मध्ये देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. नावात विद्यापीठ असले तरी तेथे पदवी दिली जात नव्हती. गिरण्या, कारखाने आणि लहानमोठ्या उद्योगांत राबणाऱ्या प्रौढ स्त्री-पुरुषांना त्यांच्या सवडीच्या वेळी, त्यांच्या गरजेचे शिक्षण देणे हा या संस्थेचा हेतू होता. आज देशभर कार्यरत असलेल्या जन शिक्षण संस्थानांचा उगम वरळीतील या प्रयोगात आहे.

प्रौढांसाठी वर्ग चालविण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती. मुंबईत १९३९ मध्ये प्रौढ शिक्षण समिती स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर हीच समिती मुंबई शहर समाज शिक्षण समिती म्हणून ओळखली जाऊ लागली आणि पहिल्या श्रमिक विद्यापीठाची जबाबदारी तिच्याकडेच सोपविण्यात आली. चाळीचाळींतून साक्षरता वर्ग चालविण्याचा अनुभव तिच्या गाठीशी होता. मात्र अक्षरओळख झालेल्या कामगाराने पुढे काय शिकावे, या प्रश्नाचे उत्तर साक्षरता वर्गाकडे नव्हते.

ते उत्तर श्रमिक विद्यापीठाने 'बहुआयामी' शिक्षणाच्या कल्पनेत शोधले. या कल्पनेमागे युनेस्कोचा पुढाकार होता. तीनुसार कामगाराकडे केवळ एक यंत्र चालविणारा माणूस म्हणून पाहिले जात नाही. तो कुटुंबप्रमुख असतो, नागरिक असतो, पगाराच्या चिठ्ठीवरील कपाती समजून घेऊ इच्छिणारा नोकरदारही असतो. म्हणून प्रत्येक अभ्यासक्रमात हस्तकौशल्याबरोबर आवश्यक तेवढे गणित व विज्ञान, आरोग्य, घरखर्चाचे नियोजन आणि कामगार कायद्यांची ओळख यांची सांगड घालण्यात आली. कातारी कामाचे उदाहरण घेता येईल. यंत्रभागाचा आराखडा वाचायचा तर अपूर्णांक आणि दशांश चिन्ह समजावेच लागते. शाळेत रुक्ष वाटलेले तेच गणित येथे हातातील कामाच्या निमित्ताने शिकता येते आणि लक्षातही राहते.

कार्यपद्धतीही रूढ महाविद्यालयापेक्षा निराळी होती. अभ्यासक्रम ठरविण्यापूर्वी गरजांची पाहणी केली जाई. शिकविण्यासाठी त्या त्या व्यवसायातील जाणकार अर्धवेळ मानधनावर बोलाविले जात. वर्गाची वेळ आणि जागा शिकणाऱ्यांच्या सोयीने ठरे. ही बाब वरकरणी किरकोळ वाटेल. पण प्रौढ शिक्षणाचे यशापयश बहुधा येथेच ठरते. रात्रपाळी करून आलेला कामगार किंवा घरकाम उरकून निघालेली गृहिणी वर्गाला जो तास देते, तो झोपेतून, विश्रांतीतून किंवा मजुरीतून काढलेला असतो.

मुंबईतील अनुभवानंतर केंद्र सरकारने अन्य शहरांतही श्रमिक विद्यापीठे सुरू केली. दरम्यान, कामगारांचे जगही बदलत होते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार सहभागी झाले. त्यानंतर गिरणगावातील असंख्य कुटुंबांवर चाळिशीच्या वयात दुसरे काम शोधण्याची वेळ आली. निरंतर शिक्षणाची गरज यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच समोर आली असेल. संघटित कामगारांपुरते मर्यादित असलेले हे कार्य पुढे असंघटित क्षेत्र, ग्रामीण भाग आणि नवसाक्षरांपर्यंत नेण्यात आले. २००० मध्ये या संस्थांना जन शिक्षण संस्थान हे नाव देण्यात आले.

याच सुमारास दक्षिणेत कम्युनिटी कॉलेजची चळवळ उभी राहत होती. पुदुच्चेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये आणि त्याच्या पुढच्याच वर्षी चेन्नईतील चर्चप्रणीत संस्थेने अशी महाविद्यालये सुरू केली. विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना २०१३-१४ पासून आली. या महाविद्यालयांचा भर मुख्यतः शाळा सोडलेल्या तरुणांवर राहिला. कुटुंबाचा भार वाहणाऱ्या प्रौढांसाठी जन शिक्षण संस्थानच अधिक जवळचे ठरले.

जुलै २०१८ मध्ये ही संस्थाने मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून कौशल्य विकास व उद्योजकता मंत्रालयाकडे वर्ग करण्यात आली. अभ्यासक्रमांत एकसूत्रता आणून ते राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी जोडण्यात आले. त्यामुळे एका जिल्ह्यातील प्रमाणपत्राला दुसऱ्या राज्यातही अर्थ प्राप्त झाला, आणि स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांसाठी हा लाभ मोठा आहे. मात्र अभ्यासक्रम आधीच निश्चित असतील, तर स्थानिक गरजांची पाहणी करून मग वर्ग ठरविण्याच्या मूळ पद्धतीला कितपत वाव उरतो, हा प्रश्न रास्त आहे. शिवणकामाचे वर्ग सर्वत्र भरतात. परंतु शिवलेल्या कपड्यांना गिऱ्हाईक कोठे आहे, हे प्रत्येक तालुक्यात निराळे असते.

स्वयंसेवी संस्थांमार्फत केंद्राच्या अनुदानावर चालणाऱ्या या संस्थानांत निरक्षर, नवसाक्षर तसेच बारावीपर्यंत शाळा सोडलेल्यांना प्रवेश मिळतो. वयोमर्यादा साधारणपणे १५ ते ४५ वर्षे आहे. शिकणाऱ्यांत महिलांची संख्या मोठी आहे. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी मंजूर झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही निरंतर शिक्षण हा पाच घटकांपैकी एक घटक आहे. हा कार्यक्रम शिक्षण मंत्रालयाकडे असून पंधरा वर्षांवरील सर्वांसाठी खुला आहे.