दुकानदार आणि कार्डाचें यंत्र

गिऱ्हाइकाजवळ रोकड नाहीं आणि त्याची पत दुकानदारास ठाऊक नाहीं, हा पेंच व्यापाराइतकाच जुना आहे. भारतांत तो हुंडीनें सोडविला. पण हुंडीमागें ओळखीच्या सराफाची पेढी असे. १९५८ सालीं अमेरिकेंतील फ्रेस्नो शहरीं बँक ऑफ अमेरिकेनें सुमारें ६० हजार कार्डें न मागतां घरोघर पाठविलीं, आणि अनोळखी गिऱ्हाइकाची पत दुकानाच्या दारीं आली. कार्डाचा ठसा कागदावर उमटवावा, रक्कम मोठी असल्यास दूरध्वनीवरून परवानगी घ्यावी, अशी तेव्हांची रीत होती. पुढें कार्डावर चुंबकीय पट्टी आली आणि १९८१ सालीं स्थापन झालेल्या व्हेरिफोनसारख्या कंपन्यांनीं ही विचारपूस यंत्राकडे सोंपविली.

तरीहि लहान व्यापारी बाहेरच राहिला. सेंट लुईसचे काचकारागीर जिम मॅकेल्वी यांची एक विक्री केवळ कार्ड घेतां न आल्यामुळें हुकली. त्यांतून २००९ सालीं त्यांनीं जॅक डॉर्सी यांच्यासह ‘स्क्वेअर’ ही कंपनी काढली. मोबाइलला जोडण्याचें तिचें चिमुकलें यंत्र टपालानें घरपोंच येऊं लागलें. आज असें यंत्र घरबसल्या मागवितां येतें. मात्र यंत्राचें मोल एकदांच द्यावें लागतें. विक्रीमागील कपात नित्याची असते. म्हणून सराफास पूर्वीं विचारीत तोच प्रश्न यंत्र घेतांना विचारावा: हुंडणावळ किती, आणि पैसे हातीं केव्हां?