छर्र्याचा क्रमांक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या वाड्याची माडी उतरविताना एक सागवानी पेटी निघाली. तीत पितळी मापे, नमद्याच्या चकत्या आणि दांडा फिरवावयाचे एक लहान यंत्र होते. घरातील मुलांना ते शेवयांचे वाटले. वस्तुतः रिकाम्या काडतुसात पुन्हा दारू व छर्रे भरल्यावर त्याचे तोंड वळविण्याचे ते साधन. तळाशी आजोबांची शिकारीची वही होती. तीत तीन रकाने : बार, पक्षी आणि ‘गेले’. या तिसऱ्या रकान्याचा उलगडा व्हावा म्हणून आम्हांस काडतुसाचा इतिहास चाळावा लागला.

काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला, हे गोव्याच्या वाचकांस सांगावयास नको. मात्र १८५७ साली ज्या काडतुसांनी वणवा पेटविला, ती ठासणीच्या बंदुकीची कागदी पुडकी होती. पुडके दातांनी फाडावयाचे, दारू नळीत ओतावयाची आणि गजाने गोळी ठासावयाची. पक्ष्यांच्या शिकाऱ्याची अडचण निराळी होती. चकमकीच्या बंदुकीत प्रथम बाहेरची दारू भडके, मग नळीतला बार होई. तेवढ्या लखलखाटाने पक्षी सावध होऊन निसटे. स्कॉटलंडातील बेलहेल्वीचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ शिकारीचे मोठे शौकीन. या त्रासावर उपाय शोधता शोधता त्यांनी आघाताने पेटणाऱ्या रसायनाची युक्ती काढली व १८०७ साली तिचे पेटंट घेतले. बंदुकीची टोपी पुढे यातूनच आली. पाखरे उडून जातात म्हणून एका पाद्र्याने केलेल्या खटपटीने साऱ्या जगातील सैन्यांची हत्यारे बदलली! पॅरिसच्या कासिमिर लफोशे यांनी १८३० नंतरच्या दशकात मागून उघडणारी बंदूक व तिचे स्वयंपूर्ण काडतूस आणले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ते इंग्रज कारागिरांच्या दृष्टीस पडले, आणि ठासणीचे दिवस भरले.

छर्रे तोवर सुबक झालेच होते. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स यांनी १७८२ साली त्यांची रीत बांधून दिली. वितळलेल्या शिशात किंचित सोमल घालून ते चाळणीतून, उंचावरून, पाण्यात सोडावयाचे. पडता पडता थेंब आपोआप गोल होतो. छर्र्याचा क्रमांक जितका मोठा, तितका दाणा बारीक. इंग्रजी हिशेबाने एका औंसात ४ क्रमांकाचे १७०, ६ क्रमांकाचे २७० आणि ८ क्रमांकाचे ४५० दाणे येतात. अमेरिकी क्रमांक याच्याशी जुळत नाहीत; त्यांचा ६ आपल्या परिचयाच्या ६ हून जाड.

निवडीची सारी मेख येथे आहे. बारीक दाण्यांची चादर दाट पडते, परंतु त्यांचा वेग हवेत लवकर मरतो. दूरच्या तितरास दाणा लागतो, पण पिसांतच अडकतो अथवा वरवर रुततो. पाखरू उडून जाते आणि दोन दिवसांनी कोठल्या तरी झुडपात मरते. जाड दाणा खोल जातो, परंतु दाणे थोडे, म्हणून चादरीत भगदाडे राहतात. मग एखादाच दाणा लागून नुसता पंख मोडतो. आजोबांच्या वहीत लाव्यांपुढे ८ व तितरांपुढे ६ असे स्वच्छ लिहिले आहे. एका हिवाळ्यात ६ चे छर्रे संपल्याने त्यांनी तितरांवरही ८ चालविले. त्या पानांवर ‘गेले’ चा रकाना भरून वाहतो, आणि पुढील पानावर ८ या आकड्याखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत. दुसरा शेरा नाही.

काडतूस घरी भरण्यामागे काटकसर होतीच, पण हवामानही होते. कागदी नळी आपल्या पावसाळ्यात फुगे आणि बंदुकीत शिरेनाशी होई. पितळी नळी टिके व अनेकदा भरता येई. काळ्या दारूच्या काळात तीन ड्रामांचे माप, त्यावर पुठ्ठा, नमदा, पुन्हा पुठ्ठा, मग औंसाहून थोडे अधिक छर्रे, एवढे पाठ असले की भागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिनधुराच्या दारवा आल्या आणि हे सोपे काम घातक झाले. त्यांतील शुल्ट्झेसारख्या काही आकारमानाने काळ्या दारूइतक्याच भरावयाच्या असत. परंतु बॅलिस्टाइटसारखी घट्ट दारू त्याच पितळी मापाने भरली, तर नळी फुटून भरणाऱ्याचा हात जाई. पेटीतील एका मापावर आजोबांनी खिळ्याने ‘फक्त काळी’ असे कोरून ठेवले आहे.

कारखान्यातील तयार काडतूस आले तेव्हा हा धोका गेला, आणि मोजकेपणाही गेला. इंग्लंडच्या लॉर्ड रिपन यांच्या नावावर १८६७ ते १९२३ या काळात ५ लाख ५६ हजारांहून अधिक शिकारी जमा आहेत. आपल्या शेजारी भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी एकाच दिवशी ४,२७३ पाणपक्षी पडले. केवलादेवाजवळ त्या शिकारींचे आकडे दगडावर कोरलेले आहेत; आम्ही ते वाचले. त्यांत तिसरा रकाना नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, तरी लहान पक्ष्यांसाठी परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने तेही संपले. शिशाचे दाणे मात्र जमिनीत राहिले. पक्षी ते खडे समजून गिळतात व विषाने मरतात. म्हणून अमेरिकेने १९९१ साली पाणपक्ष्यांच्या शिकारीत, तर युरोपीय संघाने २०२३ साली पाणथळ भागांत शिशाचे छर्रे बंद केले. ‘गेले’ चा रकाना बार थांबल्यावरही भरतच होता.

आपल्यापैकी अनेक घरांत अशा वह्या असतील. त्या रद्दीत देऊ नयेत. कोणत्या सालात कोणत्या माळावर किती तितर होते, हे कित्येक ठिकाणी अन्यत्र कोठेही नोंदलेले नाही. जुनी भरलेली काडतुसे सापडल्यास मात्र त्यांना हात न लावता पोलिसांस कळवावे. आमच्या पेटीत तशी चार निघाली.