सुटकेनंतरचे आरोग्य : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

पोलीस कोठडीतल्या मृत्यूची दखल घेणारी चौकट आपल्याकडे आहे. असा मृत्यू चोवीस तासांत कळवावा, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९३ मध्ये सांगितले. अटकेतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात बजावले. पण माणूस पोलीस कोठडीतून बाहेर पडला की त्याच्या प्रकृतीची विचारपूस बहुधा थांबते. त्यानंतरचे आजारपण आणि मृत्यू, हा या अभ्यासाचा विषय.

याकडे लक्ष का द्यावे? कारण इजेचे परिणाम उशिरा दिसू शकतात. डोक्याला मार लागून मेंदूभोवती होणारा रक्तस्राव कधी काही आठवड्यांनी लक्षात येतो. स्नायू चेचले गेले, तर त्यांतले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. दारू अचानक तुटलेल्या माणसाला दोन-तीन दिवसांनी जीवघेणा भ्रम होऊ शकतो. मनावरचा आघातही तितकाच गंभीर असतो. इंग्लंड-वेल्समध्ये कोठडीतून सुटल्यावर दोन दिवसांतल्या संभाव्य आत्महत्यांची वेगळी गणना होते, ती यासाठीच.

उदाहरणार्थ, परभणीत अटक झालेले सोमनाथ सूर्यवंशी डिसेंबर २०२४ मध्ये पोलीस कोठडीनंतर न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. प्राथमिक शवविच्छेदन अहवालाने अनेक जखमांनंतर आलेला 'शॉक' हे कारण नोंदवले. मृत्यू कुठे झाला एवढेच पाहिले, तर जखमा कधी झाल्या हा प्रश्न निसटतो.

म्हणून वाचकांनी कालक्रमापासून सुरुवात करावी. मावळातल्या बेडसे गावचा कुणी अटकेत गेला, तर एक नोंद पोलीस ठाण्यात, दुसरी वडगावच्या न्यायालयात, तिसरी रुग्णालयात राहते. हे कागद तारखेनुसार शेजारी ठेवा. अटकेपूर्वीचा क्षय, व्यसन, गरिबीही तपासा. सुटकेनंतरचा प्रत्येक मृत्यू कोठडीमुळेच झाला, असे गृहीत धरू नका. घरच्यांचे म्हणणे मात्र पुराव्याइतक्याच काळजीने ऐका.

आरोग्य आणि मानवी हक्क यांची सांगड घालणारे संशोधन मुंबईची 'सेहत' संस्था १९९४ पासून करते आहे. आपल्या मातीत ही परंपरा आहे, याचे समाधान वाटते. तुम्ही वैद्यकाचे असा, कायद्याचे असा वा समाजशास्त्राचे, या कामात तुमच्यासाठी जागा आहे. सुटका झालेल्या माणसाच्या प्रकृतीची नोंद नीट ठेवली गेली, तर पुढच्याचा जीव वेळेत वाचवता येईल.